भट्टीच्या डोक्यावर आठ इंच

मोजमाप घ्यायला कंपनीचा माणूस अकरा वाजता येणार, एवढंच जिनेटनं सांगितलं होतं. तो माणूस म्हणजे रोझेर, हे तिनं खुबीनं गाळलं होतं.

नॉर्मंडनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडी पाहिली, गाडीतून उतरणारी ती डाव्या पायावर झुकती चाल पाहिली, आणि हातातला कॉफीचा कप न पिताच सिंकमध्ये ठेवला.

"जिनेट, हा काय प्रकार आहे?"

"घर थंड करायचा प्रकार आहे," त्याची बहीण म्हणाली. "घर तापवायच्या जुन्या तेलभट्टीच्या डक्टमधून, म्हणजे पत्र्याच्या हवानळ्यांमधून, गार हवा खेळवणारी माणसं या भागात दोनच. एकाला सप्टेंबरपर्यंत वेळ नाही. दुसरा तुझा भाऊ निघाला, त्याला मी काय करू?"

"आधी सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू आला असतास?"

खोटं बोलायची नॉर्मंडला सवय नव्हती आणि खरं बोलायची इच्छा नव्हती.

बिसोनेट मंडळी आरडाओरडा करून भांडत नाहीत, हे आमच्या गिरणीच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ते बोलणं टाकतात, आणि टाकलेलं बोलणं उपासासारखं नेमानं पाळतात. नॉर्मंड आणि रोझेर यांचं हे सहावं वर्ष. आईकडे येण्याचे वारसुद्धा त्यांनी वाटून घेतले होते. शनिवार नॉर्मंडचा, बुधवार रोझेरचा. आज होता शनिवार.

"ममां, ओव्हन?" रोझेर दारातूनच म्हणाला. "या उकाड्यात?"

"शनिवार आहे," त्यांची आई आल्देआ म्हणाली. तिच्या दृष्टीनं उत्तर संपलं होतं. ब्याऐंशी वर्षांची ती बाई पहाटे चारपासून बीन्सची हंडी ओव्हनमध्ये लावून बसली होती, काकवी घालून, वर खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा ठेवून. तिची आई शनिवारी बीन्स करायची, आजी करायची, आणि जूनच्या शेवटाला आग ओकणारं ऊन पडलं म्हणून शनिवारचा काही मंगळवार होत नव्हता.

रोझेरनं तिच्या दोन्ही गालांवर ओठ टेकवले. गाल तापलेले होते. त्यानं जिनेटकडे पाहिलं. जिनेटनं डोळ्यांनीच सांगितलं, बघ, हे असं चालतं.

मागच्या ऑगस्टमध्ये जिनेटलाच आई जिन्यात सापडली होती. उन्हानं घेरी येऊन पडलेली, दोन तास तशीच. जिनेट नर्स होती म्हणून तिनं करायचं ते केलं. डॉक्टर सरळ म्हणाला, हे हृदय असा आणखी एक उन्हाळा काढणार नाही. घर थंड करा, नाहीतर घर बदला. खिडकीत बसवायचा एसीचा डबा आणून झाला होता. निजायच्या खोलीत तो घरघरत राहिला आणि आल्देआ दिवसभर स्वयंपाकघरात. "एका खोलीत कोंडून ठेवायला मी काय लोणी आहे?" असं म्हणून तिनं तो तिसऱ्या दिवशी बंद केला.

"डॉक्टरला सांगू का, ओव्हन चारपासून चालू आहे म्हणून?" जिनेट म्हणाली.

"सांग. तो बीन्स खात नाही, ते त्याच्या तोंडावरूनच कळतं." आल्देआनं कपाळ पुसलं आणि दोन्ही मुलांकडे पाहिलं. दोघं एका वेळी या स्वयंपाकघरात! तिला इतका आनंद झाला की तो लपवायला ती पुन्हा ओव्हनकडे वळली.

"तळघर बघून घेतो," रोझेर कुणाकडेही न बघता म्हणाला.

"मी येतो," नॉर्मंड म्हणाला. तेही कुणाकडे न बघताच.

*

तळघराचा जिना उतरताना रोझेरला मागे भावाची पावलं ऐकू येत होती. राखणदारासारखा आलाय, त्याच्या मनात आलं. काही चोरून नेईन की काय!

भट्टी नॉर्मंडनंच अठरा वर्षांपूर्वी बसवली होती. उंच, सडपातळ, पत्र्याच्या कपाटासारखी. पलीकडे तेलाची टाकी. आणि वर, तुळयांच्या खाली, बापाच्या हातच्या डक्ट. कोळसा जाऊन तेल आलं त्या वर्षी ओव्हिला बिसोनेटनं स्वतः पत्रा कापून, वाकवून, प्रत्येक सांधा झाळून त्या टांगल्या होत्या. रोझेर रोज कुणा ना कुणाच्या तळघरात जाई, पण इतकं स्वच्छ काम त्याला अजून कुठे दिसलं नव्हतं. त्यानं एका सांध्यावरून अंगठा फिरवला.

नॉर्मंड जिन्याच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभा राहिला.

रोझेरनं टेप ओढली. भट्टीच्या माथ्यापासून डक्टच्या पोटापर्यंत. पुन्हा मोजलं. मग तो पाठमोराच म्हणाला, "आठ इंच."

रोझेरनं टेप सोडली, ती सर्रकन आत गेली.

"हवा गार करणारी कॉइल भट्टीच्या डोक्यावर बसते. तिला बावीस इंच लागतात. इथे आठ आहेत."

"बाजूला बसव." सहा वर्षांनी भावाला उद्देशून निघालेले हे पहिले दोन शब्द.

"भट्टीच्या आधी गार हवा घातली की भट्टीच्या पोटात पाणी सुटतं. दोन हिवाळ्यांत गंजून चाळण होईल. तुला माहीत आहे ते."

नॉर्मंडला माहीत होतं. त्याला काय काय माहीत होतं! म्हणजे घोडं इथेच पेंड खात होतं. आता हा म्हणणार, भट्टी काढा. टाकी काढा. विजेवर चालणारा हीट पंप बसवा, थंडी-उकाडा दोन्हीची सोय. गावातल्या निम्म्या घरांना तेल पुरवणाऱ्या 'बिसोनेट आणि मुलगे' यांच्या आईच्या घरातून तेलाची टाकी बाहेर काढायची, तीही भर दिवसा, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर. सहा वर्षं याच दिवसाची वाट बघत होता बेटा.

"तर मग सांगून टाक," नॉर्मंड म्हणाला. "भट्टी काढा म्हण."

"काढावीच लागेल."

"वाटलंच होतं."

"आणि तिच्या जागी बुटकी भट्टी बसवायची. तेलाचीच." रोझेर आता वळला. "एकोणचाळीस इंचांची मिळते. म्हणजे वर चोवीस सुटले. कॉइल बसते, दोन इंच उरतात. मुख्य डक्ट थोडी रुंद करावी लागेल, गार हवा जड असते, जास्त लागते. वरच्या मजल्यावरून हवा परत ओढायला दोन नव्या नळ्या. बाकी पपांचा एकही पत्रा मी हलवणार नाही."

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं खुर्ची द्यावी तसं नॉर्मंडला झालं.

"हीट पंप का नाही?"

"बर्फाच्या वादळात तारा तुटल्या की इथे पाच-पाच दिवस वीज नसते. हीट पंप ओढेल असा जनरेटर कुणाकडे आहे? भट्टीला छोटासा पुरतो. ममांला मी उन्हाळ्यातून वाचवून हिवाळ्यात गोठवू का?" रोझेरनं टेप खिशात टाकली. "भट्टीचं काम माझं नाही, तुझं. तू आधी ती बसव, मग लगेच मी कॉइल चढवतो. एकाच दिवशी, दोघांनी. मधे डक्ट उघड्या ठेवता येणार नाहीत."

दोघांनी! तिथेच नॉर्मंडचा पारा चढला.

तेल भरणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. टाकीत तेल पडू लागलं की आतली हवा दुसऱ्या नळीनं बाहेर पडते आणि शिट्टी वाजते. वाजतेय तोवर भरायचं. थांबली, की टाकी भरली. आणि मुळात वाजलीच नाही, तर त्या क्षणी तेल बंद करायचं. ओव्हिला नव्या ड्रायव्हरकडून हे तीनदा वदवून घ्यायचा. आणि ओव्हिला जाऊन अकरा दिवस झाले होते, ऐन जानेवारीत, तेव्हा त्याच्याच धाकट्या मुलानं एका निवृत्त मास्तरणीच्या भिंतीतल्या नळीला पाइप जोडला आणि शिट्टीशिवाय एकशे चाळीस गॅलन तेल ओतलं. आत टाकीच नव्हती. तिनं तीन महिन्यांपूर्वी गॅस घेऊन टाकी काढून टाकली होती, भिंतीतली नळी तेवढी राहिली होती. तिची आयुष्यभराची पुस्तकं तळघरात होती. ती बाई त्या घरात पुन्हा राहायला गेलीच नाही.

"घर चुकलो," एवढंच रोझेर म्हणाला होता. नॉर्मंडनं सात ड्रायव्हरांसमोर त्याच्या हातातून ट्रकची किल्ली काढून घेतली होती.

"ज्याला शिट्टी ऐकू येत नाही," नॉर्मंड आता म्हणाला, "त्याच्याबरोबर मी पपांच्या कामाला हात लावणार नाही." आणि तो धाडधाड जिना चढून गेला.

*

"होणार नाही," त्यानं स्वयंपाकघरात जाहीर केलं.

"जागा नाही?" जिनेटनं विचारलं.

"जागा होते," मागून आलेला रोझेर म्हणाला. "माणसं होत नाहीत."

जिनेट खुर्चीत बसली. ती थकली होती, आणि कुणाला ते दिसत नव्हतं याचाही तिला थकवा आला होता. ड्यूटी संपवून रोज इथे यायचं, गोळ्या द्यायच्या, पाय सुजलेत का बघायचं, घरी जाऊन उशाशी फोन ठेवून झोपायचं. भावांना एकेक वार. तिला सातही.

"मग ऐका," ती म्हणाली. "नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात मी मार्चमध्ये ममांचं नाव घातलंय. पंधरा जुलैला खोली रिकामी होतेय. थंड असते, आवारातच चॅपल आहे, चोवीस तास नर्स आहे."

"मार्चमध्ये?" रोझेर म्हणाला. "आणि मला टेप घेऊन कशाला नाचवलंस?"

"आधी हे करून बघावं म्हणून! मला काय हौस आहे?"

नॉर्मंडनं चौकटीला पाठ टेकली. मग हळूच म्हणाला, "चॅपल आहे म्हणतेस... बघायला हरकत नाही. कदाचित तेच बरं."

"तेच बरं?" रोझेर उसळला. "माझ्याबरोबर एक दिवस काम करायला नको, म्हणून आईला घराबाहेर काढशील? वा रे वा थोरला!"

"तोंड सांभाळ."

"तिला विचारलंय का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. आल्देआ ओव्हनपाशी पाठमोरी उभी होती, हातात फडकं. मुलांना वाटलं ती हंडी बघतेय. ती हंडी बघत नव्हती.

तिला खोली दिसत होती. पंधरा जुलैची. एक पलंग, एक खिडकी, न उघडणारी. शनिवारी बीन्स मिळतील, डब्यातले, कोमट. ही बातमी आपली मुलगी मार्चपासून पोटात घेऊन रोज आपल्या पायांवरची सूज बघत होती. बिचारी. आणि यातून बाहेर पडायची एकच वाट होती, ती तिला सहा वर्षांपासून ठाऊक होती. त्या वाटेनं जावं तर नॉर्मंडचा राग विरेल, भट्टी बसेल, घर थंड होईल. पण तीच वाट जिनेटच्या हाती असं कारण देईल, की मग भट्टी असो नसो, पंधरा जुलै ठरलेली. बोलावं तर घर जातं, न बोलावं तरी घर जातं. मग निदान बोलून जावं, असं तिला वाटलं.

तिनं ओव्हन बंद केला. शनिवारी, बीन्स व्हायच्या आधी. तिघंही दचकले.

"नॉर्मंड, बस."

"ममां, मी..."

"बस म्हटलं ना. त्या मास्तरणीचं कार्ड मी काढलं नव्हतं."

नॉर्मंडला आधी कळलंच नाही. गिऱ्हाइकांची कार्डं आल्देआकडे असत. ऑफिसात पत्र्याचा डबा, त्यात प्रत्येक घराचं एक कार्ड, रस्त्यांच्या क्रमानं. गिऱ्हाईक गेलं की कार्ड काढायचं. ड्रायव्हर सकाळी डब्यातून कार्डं घेऊन निघायचा, संध्याकाळी परत ठेवायचा.

"तिचा फोन मीच घेतला होता, ऑक्टोबरात. टाकी काढली, आता येऊ नका. मी पॅडवर लिहूनसुद्धा घेतलं. त्याच दुपारी ओव्हिलाला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं. कार्ड डब्यातच राहिलं." ती टेबलाचा काठ धरून बसली. "रोझेर घर चुकला नव्हता. आपल्याच कार्डावरच्या घरी गेला होता."

"ममां, पुरे," रोझेर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी डबा उघडला आणि ते कार्ड नव्हतं. चाळीस वर्षं तो डबा माझ्या हाताखाली, मला कळणार नाही कोणी काढून नेलं ते? तू माझ्यासाठी खोटं बोललास आणि मी ते गुपचूप घेतलं."

"सहा वर्षं?" नॉर्मंडचा आवाज चिरकला. "तो किल्ली देत होता, तू ऑफिसच्या खिडकीत उभी होतीस ममां. मी पाहिलं होतं तुला."

"होते."

"मग बोलली का नाहीस?"

"ऑफिसातली खुर्ची गेली असती. नवरा गेला होता रे, ती खुर्ची तेवढी राहिली होती." तिनं जिनेटकडे पाहिलं. "आणि ही त्या दिवसापासून मोजायला लागली असती, ममां काय काय विसरते ते. आज मोजेलच. मोज, पोरी. घाबरले होते मी, दुसरं काही नाही. माझ्या भीतीपायी याची नोकरी गेली, याचा भाऊ गेला. देवासमोर कबूल केलं, तुमच्यासमोर नाही."

रोझेर खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. "शिट्टी वाजली नव्हती," तो म्हणाला. "ते कार्डावर लिहिलेलं नसतं. ती चूक माझीच. पपांच्या ट्रकमध्ये पपांचा हातमोजा होता, तो हातात घालून मी उभा होतो आणि काही म्हणजे काही ऐकत नव्हतो."

नॉर्मंडनं दोन्ही तळव्यांनी चेहरा चोळला. त्याला ती सकाळ आठवली. रोझेर म्हणाला होता, आज जमणार नाही रे मला. आणि आपण म्हणालो होतो, पपा गेले म्हणून लोकांच्या भट्ट्या थांबत नाहीत.

"तुला त्या दिवशी मीच पाठवलं," तो म्हणाला.

"हो," रोझेर म्हणाला. त्यानं ते हलकं करायचा प्रयत्न केला नाही.

नॉर्मंड उठला. सिंकमधली थंड कॉफी त्यानं ओतून दिली, कप विसळला, पालथा घातला. मग भावाला म्हणाला, "बुटकी भट्टी किती इंचांची म्हणालास?"

"एकोणचाळीस."

"एकोणचाळीस नसते. खालचे पाय धरून एक्केचाळीस."

"पत्रकात एकोणचाळीस लिहिलंय."

"पत्रक काय बसवतं का भट्टी? मी बसवल्यात. एक्केचाळीस. तुझे ते दोन इंच उरतात ना, ते गेले."

"मग पाय काढून सिमेंटवर बसवू."

"सिमेंटवर? वसंतात बर्फ वितळला की तळघरात पाणी येतं, विसरलास?"

"चल, दाखवतो तुला," म्हणत रोझेर जिन्याकडे निघाला. नॉर्मंड त्याच्या मागे, "काय दाखवतोस, काय दाखवतोस" करत.

*

जिनेट जागची हलली नव्हती. तिला रडू येत होतं आणि नेमकं कशाचं ते समजत नव्हतं. या घरात असं कधी कुणाला बोलताना ऐकलं नव्हतं तिनं, आईलाही नाही.

"आणखी काय विसरलीस, ममां?" तिनं शेवटी विचारलं.

"आठवत असतं तर सांगितलं नसतं का?"

जिनेटला हसू फुटलं, मग ते हसू नीट राहिलं नाही. आल्देआनं तिचा हात हातात घेतला. हात नर्सचा, साबणानं खरखरीत झालेला. या हाताकडे आपण कधी नीट पाहिलं नाही, असं तिला वाटलं. मुलगे येतात तेव्हा आपण खुर्ची पुढे करतो. ही येते तेव्हा म्हणतो, आलीस का, ते भांडं जरा दे.

"मार्चपासून एकटीनं पोटात ठेवलंस," ती म्हणाली.

"कुणाला सांगणार होते?"

"मला."

खालून आवाज येत होते. एकोणचाळीस, एक्केचाळीस, मग काहीतरी पत्र्यावर आपटल्याचा आवाज, मग नॉर्मंडची शिवी, आणि त्यावर रोझेरचं हसणं. सहा वर्षांचा उपास असा सुटत होता, भांडणावर.

"बसवतील ते दोघं," जिनेट डोळे पुसत म्हणाली. "पंधरा जुलैच्या आत बसवतील. मी सोमवारी फोन करून तुझं नाव काढून टाकते."

"खोली नको म्हण. नाव काढू नकोस."

"ममां..."

"ऐक. हा उन्हाळा मी इथे काढणार. पुढचाही काढीन. पण कार्ड विसरलेली बाई उद्या ओव्हन विसरेल. परवा तुझं नाव विसरेल. तू नर्स आहेस, तुला ते माझ्याआधी दिसेल. मार्चमध्ये केलंस तसं तेव्हा करू नकोस. भावांना गोळा करू नकोस, मला फिरायला नेते म्हणून गाडीत घालू नकोस. माझ्यासमोर अशीच बस आणि सांग, ममां, आता निघायचं."

"आणि तुला तेव्हा कळलंच नाही तर?"

"नाहीच कळणार," आल्देआ म्हणाली. "तरी मलाच सांग."